देठ फिरणारा भोपळा

आकुर्डीत पानगळ होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या बिल्डिंगसमोरच्या झाडाची पानं वर्षभर मनाला येईल तेव्हा पडतात आणि झाडणारी मावशी बाराही महिने त्याला एकाच सुरात शिव्या घालते. ऑक्टोबरात इथे गळतात ते फक्त कंपन्यांमधले काँट्रॅक्टवाले. तर असल्या गावात, भर उकाड्यात, मी मांडीवर लोकर घेऊन भोपळा विणायला बसले, तेव्हा शेजारच्या केसरबाईंनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

भोपळ्याचं खूळ माझ्या भाचीचं, उत्कर्षाचं. ती माणच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. तिची कंपनी अमेरिकेसाठी राबते, त्यामुळे तिकडे पानं पिवळी पडली की इकडे हिच्या ऑफिसात नारिंगी फुगे लागतात. तिने मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरी बाई मुठीएवढा क्रोशाचा भोपळा करत होती. मऊ, गुबगुबीत, आणि वरचा देठ बोटांनी गोल फिरायचा. चाळा करायला म्हणे. हाताला काम मिळालं की मन शांत राहतं.

"आत्या, माझ्या टीमला आठ करून देशील? शरद ऋतूची थीम आहे," उत्कर्षा फोनवर म्हणाली.

"तुमच्या टीमला भोपळा तुमचा क्लायंटच देतो ना दर महिन्याला?" मी म्हणाले. ती फिस्कारली. पण मी व्हिडिओ परत लावला. मग परत. त्या बाईचा अंगठा आणि दोन बोटं देठ फिरवत होती, आणि मला समोर अप्पांचा उजवा हात दिसत होता.

अप्पा म्हणजे माझे वडील, ज्योतीराम. इथल्या मोटारसायकलच्या कारखान्यात एकतीस वर्षं लाइनवर. काम एकच, मागच्या चाकाचा नट आवळायचा. टॉर्कचा पाना लावायचा, ओढायचा, बरोब्बर आवळला गेला की पाना 'टक' करतो, मग हात सोडायचा. पलीकडचा माणूस नटावर पिवळा ठिपका मारणार आणि अप्पांसमोर पुढची गाडी येणार. एका शिफ्टला चारशे गाड्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली. अप्पा झाले रिटायर, हाताला कोणी कळवलंच नाही.

तो हात दिसेल ते आवळतो. बेसिनचा नळ, कुकरचा दांडा, पंख्याचं बटण, लोणच्याच्या बरणीचं झाकण. आमच्या घरात लोणचं खायचं तर आधी केसरबाईंच्या मुलाला बोलवावं लागतं. खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे आरसे आवळून आवळून त्यांनी तीन जणांचे तोडले. आई होती तोवर एवढं नव्हतं. ती पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "झाली! पुढची गाडी!" आणि अप्पा नळ सोडून द्यायचे. आम्ही हसायचो. आई, भिमाबाई, गेल्या फेब्रुवारीत गेली. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी अप्पांनी तिच्या सलाइनच्या स्टँडचा स्क्रू आवळून मोडला होता. नर्स केवढी ओरडली होती! त्यावर मला आजही बोलायचं नाही.

माझं नाव दीपमाला. वय एकोणचाळीस. लग्न झालं, मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. चाकणला प्लास्टिकचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीची झाकणं तपासते. हे झाकण फिरवलं की शेवटी टक वाजायला हवं. नाही वाजलं, रिजेक्ट. म्हणजे बापाने आयुष्यभर टक ऐकली आणि लेकही आयुष्यभर टक ऐकतेय. सुधारलं ते एवढंच की मला खुर्ची आहे.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आषाढ पौर्णिमेला सुरू, अश्विन पौर्णिमेला समाप्ती. समाप्तीचं शेवटचं प्रकरण अकरा वर्षं आई वाचायची. तिला अक्षरओळख झाली चाळिशीत, या विहारातल्याच रात्रशाळेत. त्यामुळे ते प्रकरण तिला कोणी दिलं नव्हतं, तिने मिळवलं होतं. जायच्या आधी ती अप्पांना म्हणाली होती, "औंदा तुम्ही वाचा. दुसऱ्या कोणाला देऊ नका." अप्पांनी मान हलवली होती. एवढंच त्यांचं बोलणं झालं.

आणि बुद्धभूषण काकांनी अप्पांना नाही म्हणून सांगितलं.

बुद्धभूषण काका विहार समितीचे सेक्रेटरी. त्याच कारखान्यातून रिटायर, पण इन्स्पेक्शनमधून. पिवळा ठिपका मारणारा तो पलीकडचा माणूस म्हणजे हेच. अप्पांच्या मते या माणसाने त्यांच्या हजार चांगल्या गाड्या निव्वळ आकसाने परत पाठवल्या. काकांच्या मते आठशेच, आणि त्याही नियमाने.

तरी काकांची बाजू खोटी नव्हती. वर्षावासाच्या पहिल्या आठवड्यात अप्पांनी पाण्याच्या पिंपाची तोटी आवळून तोडली. लोक 'बुद्धं सरणं' म्हणत होते आणि चपला पोहत होत्या. दुसऱ्या आठवड्यात माइकच्या स्टँडचा स्क्रू पिळला, तेव्हा वाचणाऱ्या बाईंच्या पुस्तकावर माइक कोसळला आणि स्पीकरमधून असा आवाज निघाला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री आत आली.

"ज्योतीराम, माझा तुझ्यावर राग नाही," काका म्हणाले, "पण समाप्तीला भंतेजी असणार, चारशे माणूस असणार. तुझा हात अर्धा तास स्वस्थ बसत असेल तर बस. नाहीतर वाचन मी करतो."

अप्पा घरी आले. दाराची कडी आवळत बसले. मला असला राग आला! काकांचा, अप्पांचा, त्या हाताचा. आईने मागितलेली एक गोष्ट, तीही हा हात हिसकावून घेणार. मग तो भोपळ्याचा व्हिडिओ आला. आता कळलं ना मी लोकर घेऊन का बसले ते?

क्रोशा मला आईने शिकवला. आमचा टीव्ही, मिक्सर, पिण्याच्या पाण्याचा माठ, सगळ्यांना तिने रुमाल विणले होते. मी एकदा जरा जास्त वेळ सोफ्यावर झोपले तर म्हणाली, ऊठ, नाहीतर तुलाही विणेन. तिचीच सुई घेतली. साखळी घातली, गोल केला, खांबामागून खांब. फाका पडाव्यात म्हणून वरून खाली दोरा ओढून घेतला. आत उशीतला कापूस. हिरव्या लोकरीचा देठ, खाली बटण लावून फिरता ठेवलेला. छान झाला होता हो! गोंडस.

अप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "कशाचा पार्ट हाय?"

"पार्ट नाही. भोपळा आहे. देठ फिरवायचा. हात स्वस्थ राहतो."

"किती टॉर्कला?"

"अप्पा, खेळणं आहे ते!"

चहा होईपर्यंत देठ अप्पांच्या हातात होता आणि भोपळा टीपॉयवर. दोन्ही वेगवेगळे. अप्पांनी शरमेने देठ परत बसवून बघितला, तेव्हा कापूसही बाहेर आला.

मी इन्स्पेक्शनवाली आहे. पार्ट फेल झाला की आम्ही रडत नाही, का फेल झाला ते पाच वेळा विचारतो. देठ का तुटला? जास्त पिळला म्हणून. का पिळला? थांबायचं कुठे ते कळलं नाही म्हणून. मग दुसऱ्या भोपळ्यात मी सरळ बोल्ट आणि नट घातला. अप्पांनी तो इतका आवळला की भोपळ्याची कंबर गेली. डमरू झाला त्याचा. केसरबाई म्हणाल्या, "हा कसला गं भोपळा, हा तर व्यायामाचं डंबेल."

का कळलं नाही थांबायचं? आणि इथे मला आमच्या लाइनवर, चाकणला, हजारावं झाकण फिरवताना उत्तर सापडलं. टक! टक नव्हती ना त्यात. या माणसाच्या हाताला एकतीस वर्षं टकने सांगितलं की बाबा झालं, सोड. घरातला नळ टक करत नाही, बरणी करत नाही, माइकचा स्क्रू करत नाही. मग हात बिचारा टकची वाट बघत आवळत राहतो. मला एवढा आनंद झाला की मी हातातलं झाकण पास करायचं सोडून रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकलं.

पिंपरीत स्पेअर पार्टच्या दुकानातून पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेतलं. बिल घेतलं, नाहीतर झाकण ढापलं म्हणून कंपनीच्या गेटवर माझ्या सात पिढ्या तपासल्या असत्या. भंगारवाल्याकडून टाकीच्या तोंडाचा तुकडा कापून आणला. त्याभोवती कापूस, त्यावर नारिंगी लोकर, झाकणावर हिरवा देठ. मुठीएवढा भोपळा करता करता नारळाएवढा झाला आणि वजनाला कलिंगड. उत्कर्षाला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "आत्या, हे विमानात नेऊ देतील का?"

पण अप्पा! त्यांनी देठ धरला, फिरवला, फिरवला, आणि टक.

हात सुटला. आपोआप. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, परत देठ सैल केला, परत फिरवला. टक. चेहऱ्यावर असं काही आलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेली वाजवली. आई गेल्यापासून त्यांना असं खूश बघितलं नव्हतं.

त्यानंतर अकरा दिवस आमच्या घरात नळ टिकला. बरणी मी माझ्या हाताने उघडली. अप्पा मांडीवर भोपळा घेऊन विहारात रोज मागच्या रांगेत बसू लागले आणि काहीही मोडलं नाही. बुद्धभूषण काका येऊन भोपळ्याला चारी बाजूंनी बघून गेले. देठ हलवून पाहिला. शिवणीवर नख फिरवलं. जुनी खोड.

"एक टाका सुटलाय," ते म्हणाले.

"पास का फेल, तेवढं बोला काका," मी म्हणाले.

"पास," ते म्हणाले, आणि समाप्तीच्या पत्रिकेवर वाचक म्हणून ज्योतीरामचं नाव आलं.

अश्विन पौर्णिमेला विहार भरून गेला. सगळे पांढऱ्या कपड्यात, मागे मोठ्या पातेल्यात खीर, पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. भंतेजी समोर. अप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढे ग्रंथ, ग्रंथापुढे माइक, मांडीवर भोपळा. मी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत.

अप्पा वाचू लागले. आवाज चांगला लागला होता. अर्धं पान झालं, आणि माझ्या लक्षात आलं की माइक भोपळ्यापासून वीतभर लांब आहे.

टक.

चार स्पीकरमधून. भिंती हादरल्या.

आता आमच्या विहारातल्या पहिल्या दोन रांगा म्हणजे निम्मा कारखाना. टक ऐकली आणि सात-आठ म्हातारे एकदम ताठ झाले. अप्पा वाचतच होते, त्यांना पत्ता नाही. दुसरी टक. एकाने हात पुढे केला, पुढची गाडी घ्यायला. तिसरी टक झाली आणि खुद्द बुद्धभूषण काकांचा हात खिशाकडे गेला. पिवळा ठिपका मारायचा पेन काढायला! सहा वर्षं झाली होती पेन जमा करून. पोरंटोरं हसायला लागली. मग बायका. भंतेजींनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

काकांना ते लागलं. खिशातला हात काढून ते तरातरा उठले, अप्पांच्या मांडीवरून भोपळा उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. "वाच," ते दबक्या आवाजात म्हणाले. तेही स्पीकरवर आलं.

अप्पा वाचू लागले. उजवा हात मांडीवर होता. मग गुडघ्यावर. मग मी बघितलं तर माइकच्या स्टँडच्या स्क्रूवर.

नवा स्टँड होता. मी मनात म्हणत होते, थोडंच राहिलंय, दोन पानं, अप्पा, सोडा. पण अप्पा थांबले होते. वाचायचे थांबले होते, आवळायचे नाही. समोरच्या पानावर, मला जागेवरूनही दिसलं, आईच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. श्वास घ्यायच्या जागी ती उभी रेघ मारायची. ओळीओळीला तिचा श्वास. पान उलटायला डावा हात होता, तो नुसता पानावर पडून राहिला. उजवा हात पिळत होता. स्क्रू कुरकुरायला लागला. चारशे माणसं ती कुरकुर स्पीकरवर ऐकत होती. काका माझ्याकडे बघायला लागले.

आणि मला ती हॉस्पिटलची खोली दिसली. आई शेवटचा श्वास घेत होती आणि अप्पा असेच तिच्या सलाइनचा स्क्रू आवळत उभे होते. मी त्यांना काय म्हणाले होते? "अप्पा, एक मिनिट गप्प उभं राहता येत नाही का तुम्हाला?" ते आवळत राहिले. आईकडे बघत राहिले. आईने नेहमीचं म्हणावं म्हणून वाट बघत होते हो ते! ती नाही म्हणाली. कशी म्हणणार. स्टँड मोडला, नर्स ओरडली, आणि मला त्या वेळी बापाची लाज वाटली होती.

माझं अख्खं ॲनालिसिस चुकलं होतं. टकचा प्रश्नच नव्हता. रिटायर झाल्यावरही तीन-साडेतीन वर्षं टकशिवाय नळ बरे सांभाळले होते त्यांनी. तोडायला लागले ते फेब्रुवारीपासून. पाच वेळा का विचारायचं असतं, मी तीन वेळा विचारून बाजारात पळाले.

मी उठले. सगळ्यांच्या समोरून गेले, अप्पांजवळ खाली बसले. तोंडातून आलं ते आईचं आलं. हळू म्हणायचं होतं, पण माइक तिथेच होता.

"झाली, अप्पा. पुढची गाडी."

चारी स्पीकरमधून गेलं ते. कोणी हसलं नाही. पहिल्या दोन रांगा माना खाली घालून बसल्या. अप्पांचा हात स्क्रूवरून सुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "व्हय," ते म्हणाले, आणि पान उलटून शेवटपर्यंत वाचलं. आईच्या प्रत्येक रेघेवर थांबत.

खीर वाटून झाल्यावर मी काकांकडे भोपळा मागायला गेले. ते बाहेर पायरीवर बसले होते. टक, टक, टक.

"जप्त आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्या सुटलेल्या टाक्याचं बघतो."

आज तीन आठवडे होत आले, अजून बघतायत.

भोपळा नाही, तरी आमच्या घरी आता काही तुटत नाही. अप्पा आवळतात, सगळं आवळतात. पण बेताला आलं की थांबतात आणि खाकरतात. कालच मी गॅलरीत उत्कर्षाशी फोनवर बोलत होते, तिला तिचे आठ भोपळे हवेच आहेत, आणि आत अप्पा कुकरच्या दांड्याशी होते. एकदा खाकरले. मी बोलतच होते. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने खाकरले.

"एक मिनिट गं," मी उत्कर्षाला म्हणाले, फोन बाजूला धरला आणि आत ओरडले, "झाली! पुढची गाडी!"